उचल, हमी आणि झोळीतलं मूल

2024 च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये बायकांच्या खात्यावर जमा होऊ लागले आणि गावोगावच्या पारावर एक वाक्य रुळलं : आता बाया खुरपायला येत नाहीत. फुकटचं मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही, हा त्यामागचा सिद्धांत. तो नवा नाही. रेशनवरच्या धान्याबद्दल आणि शाळेतल्या खिचडीबद्दलही तो ऐकू आला आहे. रोजगार हमी सुरू झाली तेव्हाही शेतमालक हेच म्हणत होते, आणि रोजगार हमी तर फुकट नव्हतीच, भर उन्हात खडी फोडायची होती. आता 1,500 ला तीसने भागून बघा. दिवसाला 50 रुपये येतात. चार माणसांच्या घरात त्यात एका वेळचं तेल, मीठ, डाळ निघेल. एवढ्यासाठी दोन-तीनशेची रोजी कोणी सोडत नाही. फार तर पाठ धरलेली असताना, मूल तापलेलं असताना, किंवा मालकाने मागच्या आठवड्याची मजुरी थकवलेली असताना ‘आज जमणार नाही’ एवढं म्हणण्याची ताकद येते. ही ताकद आळसाच्या खात्यात मांडायची की कशाच्या, हे मांडणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. मला ती आळस वाटत नाही.

तरी माझ्या वाटण्यावर कशाला जायचं? मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि मोरोक्को या सहा देशांतल्या सात रोख-मदत योजनांची आकडेवारी एकत्र तपासली. या योजनांत मदत कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं होतं. त्यामुळे मिळालेले आणि न मिळालेले यांची तुलना सरळ होत होती. मदत मिळालेल्यांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा सापडला नाही. पैसा दारूत जातो या दुसऱ्या लाडक्या समजाचीही अशीच तपासणी झाली आहे. एव्हान्स आणि पोपोव्हा या दोन संशोधकांनी 19 अभ्यास एकत्र केले, तेव्हा रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही असंच दिसलं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कामकरी बायकांच्या संघटनेने 2011-12 मध्ये काही गावांत माणशी रोख रक्कम देऊन पाहिली. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिना 200 आणि मुलाला 100 रुपये होते. तिथे काम घटलं नाही, पण कामाची जात बदलली. लोक दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या तुकड्याकडे आणि स्वतःच्या लहान-मोठ्या धंद्याकडे वळले. ‘मजूर मिळत नाही’ या तक्रारीतला खरा अंश इथे आहे. मजूर झोपलेला नसतो, तो आपलं काम करत असतो किंवा जास्त रोजी मागत असतो.

रोजगार हमीबाबतही हा अंश कबूल करायला हवा. 2005 च्या राष्ट्रीय कायद्यामुळे ग्रामीण भागातली खासगी मजुरी सुमारे 4.7 टक्क्यांनी वाढली, असं इम्बर्ट आणि पाप या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आढळलं. पुढे आंध्र प्रदेशात मजुरी देण्याची पद्धत सुधारल्यावर काय घडतं, याचा मोठा प्रयोग झाला. त्यात गरीब घरांचं उत्पन्न जवळजवळ 14 टक्क्यांनी वाढलं, आणि या वाढीतला तब्बल 86 टक्के भाग योजनेच्या मजुरीतून आलेलाच नव्हता. हमीचं काम खरोखर मिळतं, पैसे खरोखर हातात पडतात, हे कळल्यावर बाहेरच्या कामाचीही रोजी वाढली. शिवाय बाहेरचं कामही घटलं नाही, वाढलं. दोन-तीन एकरवाला शेतकरी यावर म्हणेल, की कापसाला भाव नाही आणि वेचणीचा दर मात्र चढतोय, मी कुठून देऊ? हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचं दुखणं कापसाच्या भावात आहे, वेचणाऱ्या बाईच्या पोटात नाही. आणि दोन-तीन एकरवाल्यांतले कित्येक वर्षातले काही महिने स्वतःच मजुरीला जातात. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा आणताना हमीचे दिवस 100 वरून 125 केले, पण पेरणी-काढणीच्या काळात 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची सोयही केली. शेतमालकाच्या तक्रारीला कायद्यात जागा मिळाली ती अशी.

इथवरचा गैरसमज मदतीवर नाराज असलेल्यांचा झाला. त्याच्या नेमका उलट एक गैरसमज आहे आणि तो भल्याभल्यांचा आहे : आईबापाला काम द्या, मूल आपोआप वर येईल. भीक नको, रोजगार द्या. ऐकायला हे इतकं सरळ आहे की त्यावर शंका घेणंही अवघड जातं. पण महाराष्ट्रात एक धंदा असा आहे की जिथे काम भरपूर आहे, नवरा-बायको दोघांनाही आहे, आगाऊ पैसे देऊन बोलावून नेण्याइतकं आहे, आणि तरी त्यातलं मूल राज्यातल्या सर्वांत गरीब मुलांपैकी एक आहे. तो धंदा ऊसतोडीचा. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघणाऱ्यांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात.

या धंद्याचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. एक कोयता म्हणजे एक जोडपं. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ती कोयत्यामागे लाखभर किंवा त्याहून जास्त असते, आणि फेडायची ती ऊस तोडून. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला तर 732 रुपये, म्हणजे माणशी 366. त्यासाठी पहाटे चारला उठायचं, ऊस तोडून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायच्या. एक दिवस खाडा झाला तर दंड. याच्या शेजारी रोजगार हमीचा दर ठेवा : 2025-26 साठी महाराष्ट्रात 312 रुपये, काम गावात, रात्री घरी. दिवसाच्या दरात फरक फारसा नाही. मग माणसं गाव सोडून का जातात? कारण उचल एकरकमी आणि आधी हातात पडते. हमीची मजुरी काम करून, मोजमाप होऊन, मस्टर पुढे सरकून, कायद्यात लिहिलेल्या 15 दिवसांत किंवा त्यानंतर कधीतरी खात्यावर येते. लग्न, दवाखाना, विहिरीचं कर्ज हा सगळा खर्च एकरकमी असतो. ‘गावात काम असूनही जातात, सवय झालीय त्यांना’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

आता ऊसतोडीच्या फडाकडे बघा. उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याने शाकारलेल्या खोप्या, प्रत्येकीत वाकूनच शिरता येतं. टायरगाडीच्या जुवाला किंवा बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत आठ-दहा महिन्यांचं मूल. झोळीला झोका देत बसलेली नऊ वर्षांची मुलगी. तिच्याकडे सोपवलेली कामं मोजली तर पाणी आणणं, भाकरी थापणं, धाकट्याला सांभाळणं आणि वाढे गोळा करणं एवढी भरतात. वाढे विकून रोजचा किरकोळ खर्च निघतो, म्हणजे ती कमावतेसुद्धा. 2011 च्या जनगणनेत देशात 5 ते 14 वयाची कामकरी मुलं एक कोटीच्या वर निघाली, त्यांतली सुमारे सव्वासात लाख महाराष्ट्रात होती. ही मुलगी त्यांत मोजली गेली असेलच असं नाही, कारण तिला कोणी मजुरी देत नाही. ती फक्त तिच्या आईला मजुरी करता यावी एवढी सोय करते. या सोयीची किंमत तिची शाळा आहे, आणि पुढे तिचं लग्न. गावात म्हाताऱ्या आजीजवळ तरणी मुलगी सहा महिने ठेवायची भीती वाटते, आणि लग्न करून दिलं की एक नवा कोयता तयार होतो, त्याला स्वतंत्र उचल मिळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के होतं, तर बीड जिल्ह्यात 43.7 टक्के. आईच्या बाजूने पाहिलं तर 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेली संख्या पुरेशी बोलकी आहे : बीडमध्ये पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

हा अपवादात्मक धंदा आहे, त्यावरून सगळ्या रोजगाराबद्दल बोलू नये, असं कोणी म्हणेल. ठीक आहे, सबंध राज्याचे आकडे घेऊ. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीप्रमाणे महाराष्ट्रात गरिबांचं प्रमाण 2015-16 मध्ये 14.80 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 7.81 टक्क्यांवर आलं. जवळजवळ निम्म्यावर. ही मोजणी ज्या दोन कुटुंब आरोग्य पाहण्यांवर उभी आहे, त्यांतलाच पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा मात्र असा आहे : वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण 34.4 टक्क्यांवरून 35.2 टक्के, उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचं 25.6 टक्के, होतं तिथेच. घरात गॅस आला, वीज आली, संडास झाला, बँकेत खातं उघडलं, की घर गरिबीच्या यादीतून बाहेर पडू शकतं. ते खोटं नाही, त्या सोयी खऱ्या आहेत. पण घर यादीतून निघालं म्हणून मूल निघालं असं होत नाही. पहिल्या दोन वर्षांत मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, आणि त्यासाठी कोणीतरी मोठं माणूस मोकळं असावं लागतं. मजुरीचा दर वाढवून ते माणूस मोकळं होत नाही, उलट ते कामावर जातं.

या मुद्द्यावर संशोधनातही एकवाक्यता नाही, आणि ती का नाही हे समजून घेण्यासारखं आहे. शाह आणि स्टाइनबर्ग यांच्या अभ्यासात रोजगार हमी जिथे आली तिथे तेरा वर्षांपुढच्या मुलांची शाळेतली पटनोंदणी घटल्याचं दिसलं. मोठी माणसं कामावर गेली, त्यांच्या जागी घरात आणि शेतात पोरं उभी राहिली. फरझाना आफ्रिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आंध्र प्रदेशात उलट दिसलं : हमीच्या कामात आईचा वाटा वाढला तसा मुलांचा शाळेतला वेळ वाढला, कारण पैसा आईच्या हातात आला आणि तिच्या शब्दाला वजन आलं. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. आईच्या हातात पैसा आला की ती मुलाला शाळेत पाठवते, आणि आई कामावर गेली की कोणालातरी तान्हं सांभाळावं लागतं. दोन्हींतलं कोणतं जिंकेल, ते कामाच्या जागी पाळणाघर आहे की नाही यावर ठरतं. म्हणून ‘मदत की रोजगार’ हा वादच मला चुकीच्या जागी उभा वाटतो. पाळणाघर ही मुलाला दिलेली मदत म्हणायची की आईला दिलेला रोजगार? पाळणाघराविना आईचा रोजगार म्हणजे थोरल्या मुलीची बिनपगारी नोकरी आहे.

मधल्या मधे दोन समज उरतात, त्यांना फार वेळ द्यायला नको. अडाणी आईबापांना शिक्षणाची किंमत नसते, हा पहिला. 1996 साली उत्तरेकडच्या मागास राज्यांत झालेल्या ‘प्रोब’ पाहणीत 98 टक्के पालकांनी मुलग्याचं आणि 89 टक्क्यांनी मुलीचं शिक्षण महत्त्वाचं मानलं होतं. तीस वर्षांपूर्वीची, तीही त्या राज्यांतली ही स्थिती. दुसरा समज पोरांच्या लेंढाराचा. महाराष्ट्राचा प्रजननदर 2019-21 च्या पाहणीतच 1.7 होता, म्हणजे लोकसंख्या टिकवायला लागणाऱ्या 2.1 पेक्षाही कमी. ‘आधी पोरं कमी करा’ हा उपदेश करणाऱ्यांना बातमी उशिरा पोचलेली दिसते.

कामातच पोरं हुन्नर शिकतात, शाळेत शिकून तरी काय दिवे लावणार आहेत, हा समज मात्र जास्त चिवट आहे, कारण त्यात बेकार पदवीधरांचा अनुभव मिसळलेला आहे. सुताराच्या, कुंभाराच्या घरी पोर हातोटी शिकतं हे खरं. पण मोळी बांधण्यात आणि वीटभट्टीवर विटा उलट्या करण्यात शिकण्यासारखं आठवडाभराचं असतं. पुढची सगळी वर्षं ती फक्त दमणूक. शिवाय मजुरीच्या बाजारात पोरगं उतरलं की ते मोठ्या माणसाच्या रोजीला खाली ओढतं. मुलाला कामापासून दूर ठेवणं हा म्हणूनच बापाच्या मजुरीचाही प्रश्न आहे.

आता उपाय कोणते चालतात ते बघू, कारण चालतात. शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाची हेटाळणी ‘खिचडी शाळा’ म्हणून फार झाली. सुमन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं, की ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळालं होतं, त्यांना पुढे झालेली मुलं उंचीला सरस निघाली. एका पिढीचं जेवण दुसऱ्या पिढीच्या उंचीत दिसलं. महाराष्ट्राने तर याची मुळं आधीच पाहिली आहेत. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांवर आलेल्या मुलांना सुकडी हा पूरक आहार वाटला जायचा. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात येतात. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना 1965 मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली होती, म्हणून दुष्काळानंतर तिचं कायद्यात रूपांतर करता आलं. 1977 चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पैशांचं काय, हा आक्षेप तेव्हाही होता. उत्तर तुमच्या पगारपत्रकात आहे : महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापला जाणारा व्यवसाय कर. तो शहरी पगारदारांकडून घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. ‘आमच्या करातून यांना फुकट’ म्हणणाऱ्याचा कर खरंच तिथे जातो, फक्त फुकट नव्हे, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीच्या बदल्यात.

ऊसतोडीच्या मुलांसाठीही केलं गेलं आहे. कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या आणि शिक्षण हक्क कायद्यानंतर बंदही होत गेल्या. गावातच मूल राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर झाली, तालुक्याला मुलांचं एक आणि मुलींचं एक. कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेऊन ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाला पैसा उभा करण्याचंही ठरलं. ही दिशा योग्य आहे, कारण ती मुलाला कोयत्यापासून सोडवते. पण वसतिगृह शाळेच्या वयापासून पुढचं. आईच्या अंगावर पिणारं मूल वसतिगृहात राहत नाही, ते फडावर जातं. आणि नेमक्या त्याच वयात उंची खुंटते.

2005 च्या रोजगार हमी कायद्यात या वयासाठी तरतूद होती : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतर मजुरांइतकी रोजी द्यायची. या ओळीवर कर्नाटकाने 2023 पासून ‘कूसिन मने’ नावाने 4,000 ग्रामपंचायतींत पाळणाघरं काढायला घेतली. साखर कारखान्याच्या फडावर ही ओळ लागू नव्हती, कारण ते सरकारी काम नव्हे. तिथे मूल अंगणवाडीच्या भरवशावर. रेशन आता देशात कुठल्याही दुकानावर उचलता येतं. स्थलांतरित मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीतून फडाजवळच्या अंगणवाडीत नोंदवण्याची संगणकीय सोयही राज्याने केली आहे. नाव पोचतंही. पण अंगणवाडी गावठाणात, फड तिथून दोन-तीन किलोमीटर, टोळी आठवड्याने दुसऱ्या रानात. अंगणवाडी ऊन वर आल्यावर उघडते आणि दुपारी मिटते. कोयता पहाटे चारला चालू होतो आणि गाडी भरेपर्यंत थांबत नाही. तेवढ्या वेळात झोळीजवळ असते ती नऊ वर्षांची मुलगीच.